आमच्यात चालत नाही

आमचे दाजी, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे मालक, माणूस म्हणून वाईट नाहीत. अंगचोर आहेत एवढंच. गावी होते तेव्हा घरात पाहुणे आले की दाजी गोठ्यात, आणि गोठ्यात शेण काढायची वेळ आली की दाजी पाहुण्यांत. कोण चुलतमामा, कोण मावससासरा, कुणापुढे वाकायचं आणि कुणाला नुसती मान हलवायची, यातलं त्यांना ओ की ठो कळत नव्हतं. विचारलं तर म्हणायचे, "ते बायकांचं खातं." स्वतःच्या लग्नात ते चुकून पोरीकडच्यांच्या पंगतीत बसले आणि जेवून उठले, तेव्हा ताईनंच त्यांना शर्टाला धरून आपल्या जागी आणलं.

असा हा माणूस या परक्या शहरात येऊन संस्कृतीचा सल्लागार झाला.

झालं ते असं. इथं आल्यावर दाजींना म्हाताऱ्या माणसांच्या एका निवासात काम लागलं. तीन मजली इमारत, लांबलचक बोळ, दोन्ही बाजूंना खोल्या. प्रत्येक खोलीत एक पलंग, एक कपाट, एक खुर्ची आणि एक म्हातारं माणूस. दाजींनी अंघोळी घालायच्या, चादरी बदलायच्या, चाकाच्या खुर्च्या ढकलायच्या. त्या निवासाच्या धुण्याची गाडी मी चालवतो. सकाळी मळक्या चादरी न्यायच्या, धुतलेल्या आणायच्या. त्यामुळे सांगतोय त्यातलं बरंचसं डोळ्यांनी पाहिलेलं आहे. उरलेलं ताईच्या तोंडचं, आणि ते जरा जास्त तिखट आहे.

एका सकाळी मॅनेजरबाई दाजींना म्हणाल्या, "कोपऱ्यातल्या आजोबांची कवळी तेवढी घासून द्या."

दाजींना कवळीची किळस. सरळ नाही म्हणावं तर नोकरी जायची. मग त्यांच्या तोंडून निघून गेलं, "बाई, आमच्या संस्कृतीत दुसऱ्याच्या दाताला हात लावणं चालत नाही."

मॅनेजरबाईंचा चेहरा असा पडला, जणू त्या कुणाच्या मयतात खो खो हसल्या होत्या. छातीवर हात ठेवून त्यांनी माफी मागितली, मग पुन्हा मागितली, आणि कवळी स्वतः घासली. बाई मनानं भली. तिला एकदा वरून बोलणी बसली होती, तुमच्याकडे कुणाच्या परंपरेचा मान राखत नाहीत म्हणून. तेव्हापासून कुणी 'आमच्यात' म्हटलं की तिचे हातपाय गार व्हायचे.

दाजींनी घरी येऊन ही गंमत ताईला सांगितली. ताई दवाखान्याच्या स्वयंपाकघरातून दिवसभर पातेली घासून आलेली. ती म्हणाली, "आणि तुमच्या दाताला कुणी हात लावलेला चालतो का? लावू का?"

पण दाजींना चटक लागली. आमच्यात जेवल्यावर तासभर वाकत नाहीत. आमच्यात दुसऱ्याचे मोजे सुलटे करत नाहीत. आमच्यात सोमवारी जड उचलत नाहीत. हे सोमवारचं एवढ्यासाठी, की रविवारी दाजी डोळे लाल होईपर्यंत सिनेमे बघायचे. मॅनेजरबाई प्रत्येक गोष्ट मान हलवत ऐकायच्या आणि दाजींच्या वाटचं काम दुसऱ्याला द्यायच्या. मी चादरी टाकताना "दाजी, दाजी" म्हणून हाका मारायचो, त्यावरून बाईंना वाटलं, दाजी ही काहीतरी मानाची पदवी असणार. हळूहळू सगळा निवास त्यांना दाजी म्हणायला लागला. गोरे, काळे, ऐंशीच्या पुढचे, सगळे. एवढ्या लोकांच्या बहिणी आपण कधी केल्या, हा प्रश्न दाजींना पडला नाही.

शेवटी बाईंनी त्यांच्या हातातली बादली काढून घेतली आणि गळ्यात बिल्ला घातला. दक्षिण आशियाई संस्कृती सल्लागार.

हा शब्दही मी इथंच येऊन ऐकला. गावात मी वरच्या आळीचा होतो. बाजाराला गेलो की आमच्या गावचा व्हायचो. मोठ्या शहरात गेलो तेव्हा नुसता खेडवळ झालो, आणि विमानातून उतरलो तर दक्षिण आशियाई. नाव लांब होत गेलं आणि त्यात माझं असं काहीच उरेना. वरच्या आळीच्या माणसाला खालच्या आळीचा माणूस कुठं वेगळा आहे ते झोपेतून उठवून विचारा, सांगेल. दक्षिण आशियाई माणूस कसा असतो ते मला अजून सांगता येणार नाही. दाजींना येत होतं. दर गुरुवारी ते नोकरवर्गाला गोळा करून तासभर तेच सांगायचे.

"आमचा माणूस तोंडावर नाही म्हणत नाही," दाजी सांगायचे. "आमच्यात वडीलमाणसाचा शब्द मोडत नाहीत. आमच्यात वेळ गोल असते."

"गोल म्हणजे?" एका परिचारिकेनं विचारलं.

"म्हणजे मी उशिरा येतो त्यात माझा अनादर नसतो."

पोरी वहीत उतरवून घ्यायच्या. ताईला हे कळलं तेव्हा ती म्हणाली, "बांधावरच्या एका बोरीपायी सख्ख्या चुलतभावाचं तोंड बघत नाहीत, आणि इथं चार देशांची एकी शिकवतात!"

चार देशांचं असं, की दाजींच्या सल्ल्यानं तळमजल्यावरचा एक बोळ आमच्याकडच्या म्हाताऱ्यांसाठी वेगळा काढला होता. भिंती भगभगीत केशरी, दारांना आरशांचे पडदे, आणि समोरच्या भिंतीवर अंगावर येणारा हत्ती. त्यात कुणी बेटावरची मावशी होती, कुणी डोंगरातले आजोबा, कुणी सीमेअलीकडचे, कुणी पलीकडचे. त्यांचं एकमेकांशी कशावरच जमत नव्हतं. हत्ती पुसावा, एवढ्या एका गोष्टीवर एकमत होतं. डोंगरातले आजोबा म्हणायचे, "मी जन्मात हत्ती पाहिला नाही. आता डोळे उघडले की हाच." बाईंनी दाजींना विचारलं, पुसायचा का? दाजी म्हणाले, "ते विनयानं नको म्हणतायत. आमच्यात आवडलं की नको म्हणतात."

हत्ती राहिला.

आणि मग त्या बोळात आत्या आली. दाजींची सख्खी आत्या, त्यांच्या वडलांची बहीण. नवरा लवकर गेला, मूलबाळ नाही. दाजींची आई आजारी असायची, म्हणून या पोराला आत्यानंच न्हाऊमाखू घातलं, आणि पोर गुबगुबीत म्हणून त्याला ढब्ब्या म्हणायचं तेही तिनंच. भाऊ वारल्यावर ती यांच्याकडे आली. पुढं तिचा गुडघा मोडला. घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, नवराबायको दोघंही दिवसभर कामावर. तेव्हा दाजींनी वजन वापरून तिला निवासात पलंग मिळवून दिला.

यात एक पंचाईत होती. "आमच्यात वडीलधाऱ्यांना घराबाहेर ठेवत नाहीत," हे दाजी दर गुरुवारी सांगत आले होते. मॅनेजरबाईंनी भीत भीत आठवण करून दिली. दाजी म्हणाले, "आईवडलांना नाही ठेवत. आत्याचं वेगळं. आत्याला भाच्याच्या कामाच्या जागी ठेवायची जुनी रीत आहे." बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं.

आत्या काही रडणारी बाई नव्हती. तिनं बोळाचा रंग पाहिला, हत्ती पाहिला, आणि म्हणाली, "कुण्या मेल्यानं काढलाय हा? शेपूट कानाला लावलंय." मग तिनं बसायला मोकळी जागा शोधली. टीव्हीच्या खोलीत खिडकीजवळ एक टेबल होतं. एक पाय आखूड, त्याखाली पुठ्ठ्याची घडी. खिडकीतून बसथांबा दिसायचा, भांडणारी जोडपी दिसायची. त्या टेबलाशी सीमेपलीकडचे एक म्हातारे शिंपी एकटेच पत्ते लावत बसायचे. सगळे त्यांना मास्तर म्हणायचे. जन्मभर दुसऱ्यांची मापं घेतली, पाठीला बाक आला, पण बोटं अजून सुईसारखी.

आत्या समोर जाऊन बसली आणि म्हणाली, "मला पण वाटा."

मास्तरांना तिची अर्धी भाषा कळायची, तिला त्यांची पाव. पत्त्यांना तेवढी पुरते. जोडातला इस्पिकचा गुलाम हरवलेला होता. त्याच्या जागी गोळ्यांच्या खोक्याचा तुकडा कापून घातला होता. तो पाठीमागूनही ओळखू यायचा, म्हणजे गुलाम कुणाच्या हातात आहे ते सगळ्या खोलीला ठाऊक. तरी दोघंही तो लपवून धरायचे आणि समोरच्याला फसवलं म्हणून खूश व्हायचे.

"चोर आहे हा मेला," आत्या मला सांगायची. "दुसऱ्याच्या कापडातून टोपी शिवणारी जात."

मास्तर त्यांच्या भाषेत म्हणायचे, "ही बाई पान टाकते आणि लोकांचं लक्ष खिडकीकडे वळवून परत उचलते. विचारा तिला."

सकाळी चहा झाला की दोघं बसायची ती जेवणाची घंटा होईपर्यंत. आत्याचा रंग बदलला. गुडघ्याचं रडगाणं गेलं. ताईला म्हणायची, "रविवारी येऊ नको गं, आमचा मोठा डाव असतो."

हे टिकलं असतं. पण दाजींच्या ओळखीचे एक दुकानदार कुणाला तरी भेटायला निवासात आले आणि दाजींना बाजूला घेऊन म्हणाले, "तुमची आत्या फार रमलीय हो इथं. त्या पलीकडच्याबरोबर. आनंद आहे!" त्या 'आनंद आहे'नं दाजींना रात्री झोप लागली नाही. आत्याशी बोलायची छाती नव्हती. तिनं कानाखाली आवाज काढला असता. मग ते सवयीच्या वाटेनं गेले. मॅनेजरबाईंना म्हणाले, "बाई, एक फार नाजूक गोष्ट आहे. आमच्यात बाईमाणूस परपुरुषाबरोबर एका टेबलाशी बसत नाही."

संध्याकाळपर्यंत टीव्हीच्या खोलीत कापडी आडोसा उभा राहिला. खिडकी मास्तरांच्या बाजूला गेली, टीव्ही आत्याच्या. आत्या उठून पलीकडे जायला निघाली की एखादी परिचारिका धावत यायची, दोन्ही हात जोडायची, मान तिरकी करून गोड हसायची आणि तिला खुर्चीत घालून परत आणायची. आत्याला कळेना काय झालं. सुरुवातीला तिला वाटलं, आपल्या अंगाला वास येतोय. रोज दोनदा अंघोळ मागायला लागली. मग वाटलं, मास्तरांनीच तक्रार केली असेल. त्यांना ऐकू जाईल अशा आवाजात आडोशाकडे तोंड करून शिव्या दिल्या. पलीकडून उत्तर आलं नाही; मास्तरांना वाटत होतं, हिनंच आपली तक्रार केली. आठवडाभरात म्हातारी अंथरुणाला खिळल्यासारखी झाली. जेवण आलं तसं परत.

ताई भेटायला गेली तेव्हा आत्या भिंतीकडे तोंड करून पडलेली. "मी काय गुन्हा केला गं?" एवढंच म्हणाली.

ताई तशीच मॅनेजरबाईंच्या खोलीत शिरली. "बाई, तो आडोसा काढा. हे सगळं माझ्या नवऱ्याच्या मनचं आहे. आमच्या गावात म्हाताऱ्या बायका भर रस्त्यात बसून पत्ते कुटतात आणि पुरुषांची तंबाखू जिंकून घेतात."

बाईंनी फार मायेनं तिच्याकडे पाहिलं. "तुम्हाला इथं येऊन किती वर्षं झाली?"

"सोळा झाली. त्याचं काय?"

"होतं असं. इतकी वर्षं बाहेर राहिलं की माणूस आपल्या संस्कृतीपासून तुटतो. वाईट वाटून घेऊ नका." त्यांनी ताईच्या हातावर थोपटलं. "दाजींचा गुरुवारी वर्ग असतो. तुम्ही येत जा. मागच्या खुर्चीवर बसा, कुणी हसणार नाही."

ताई बाहेर आली तेव्हा तिला हसावं की काही फोडावं ते कळत नव्हतं. ती आत्याच्या पलंगावर बसली आणि कवळीपासून आडोशापर्यंत सगळं सांगून मोकळी झाली. आत्या उठून बसली.

"म्हणजे ढब्ब्या जे म्हणेल ते आपल्यात असतं?"

"हो."

"ह्याला दूर्वा कुठली नि गवत कुठलं ते कळत नव्हतं. हा सांगणार?" मग म्हणाली, "वडीलमाणसाचं काय शिकवतो तो?"

"वडीलमाणसाचा शब्द मोडायचा नाही. पहिल्याच तासाला शिकवतात."

आत्यानं "हं" केलं, आणि जेवण मागवलं.

पुढच्याच आठवड्यात मोठ्या ऑफिसातून साहेब मंडळी येणार होती. त्यांची शहरभर अशी निवासं होती. आमचा केशरी बोळ पसंत पडला तर तो सगळीकडे काढायचा आणि दाजींना मोठ्या ऑफिसात केबिन द्यायची, असं घाटत होतं. दाजींनी नवा कोट शिवून घेतला. त्याची बाही आखूड झाली होती, आणि ती ज्यानं लांब करून दिली असती तो माणूस आडोशापलीकडे बसला होता.

मी त्या दिवशी टेबलांवरची धुतलेली कापडं घेऊन गेलो होतो, ते तिथंच दाराशी उभा राहिलो. टीव्हीच्या खोलीत सगळ्यांना बसवलं होतं. बायका आडोशाच्या अलीकडे, पुरुष पलीकडे. आत्याला बोलायचं झालं तर दुभाषी म्हणून मॅनेजरबाईंनी ताईला बोलावलं होतं, तिला तेवढंच शिकायला मिळेल म्हणून. दाजी बोलायला उभे राहिले. दक्षिण आशियाई माणूस, त्याचं कुटुंब, त्याची एकता, वडीलमाणसाचा शेवटचा शब्द. आवाज असा लावला होता, की जन्मभर हेच करत आलेत. चष्मेवाले मोठे साहेब फार खूश झाले. म्हणाले, "इथल्या कुणाला काही सांगायचं आहे का?"

आत्यानं हात वर केला.

दाजी हसत हसत आमच्या भाषेत म्हणाले, "आत्या, तू राहू दे."

साहेबांनी ताईला विचारलं, "काय म्हणाले ते?"

"ते म्हणाले, वडीलमाणसानं आधी बोलावं," ताईनं सांगितलं.

आत्यानं पदर सारखा केला. "आमच्यात," ती म्हणाली, "भाऊ गेला की त्याच्या बहिणीची सेवा भाच्यानं करायची असते. नोकरानं केलेली चालत नाही. रोज सकाळी भाच्यानं खाली बसून आत्याचे पाय चेपायचे. ती पुरे म्हणेपर्यंत."

ताईनं एकेक शब्द उलगडून सांगितला. इतकं चोख भाषांतर तिनं आत्याच्या गुडघ्याच्या वेळी डॉक्टरांपुढंही केलं नव्हतं. साहेब दाजींकडे वळले. "ही रीत तुम्ही आम्हाला सांगितली नाहीत."

दाजी अडकले. नाही म्हणावं तर वडीलमाणसाचा शब्द आत्ताच, सगळ्यांसमोर मोडला असता. "म्हणजे, तशी ती... काही घराण्यांत..." ते चाचरले. मग त्यांना धीर आला. "पलीकडच्या देशांत अशी काही पद्धत नाही. ही आमच्या एका भागातली असेल."

आडोशामागून मास्तरांचा आवाज आला. तेही दिवसचे दिवस एकट्यानं पत्ते लावून कंटाळले होते. "आमच्याकडे पण हेच. भाच्यानं नाही केलं तर त्याच्या हातचं पाणी पीत नाहीत."

डोंगरातले आजोबा दारातून दिसणाऱ्या हत्तीकडे एकदा बघून म्हणाले, "डोंगरात तर भाचा पळून गेला तर धरून आणतात."

बेटावरच्या मावशीनं तोंड उघडलेलं मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. "आमच्या बेटावर दोन्ही वेळा चेपतात," ती म्हणाली.

चार देश कधी नव्हे ते एका बाजूला झाले होते. मॅनेजरबाईंनी डोळे पुसले. साहेब हळूच म्हणाले, "हीच ती एकता."

"अजून संपलं नाही," आत्या म्हणाली. "पाय चेपून होईपर्यंत आत्यानं हात रिकामे ठेवायचे नसतात. पत्ते खेळायचे. समोर बसणारा घरचा चालत नाही, परकाच पाहिजे. उजेडाच्या बाजूला तोंड पाहिजे." तिनं काठीनं आडोसा ढकलला. "आणि मध्ये कापड असलं तर सगळी सेवा फुकट जाते."

आडोसा साहेबांनी स्वतः घडी करून माझ्या गाडीत ठेवला.

दाजींची केबिन मात्र राहिली. साहेबांनी जाताना त्यांचा हात हातात घेऊन सांगितलं, की एवढ्या पवित्र कर्तव्यातून तुम्हाला उचलून नेणं आम्हाला शोभणार नाही. केबिन दुसऱ्या कुणाला तरी देऊ. गुरुवारचा वर्गही सकाळचाच, तो पाय चेपण्याच्या वेळेत बसेना, म्हणून बंद झाला.

आता रोज सकाळी मी चादरी घेऊन जातो तेव्हा खिडकीशी तिघं दिसतात. मास्तर पानं वाटतात, आत्या शिव्या देते, आणि टेबलाखाली ठेंगण्या स्टुलावर आमचे दाजी कोट काढून बसलेले असतात. आत्याचा पाय त्यांच्या मांडीवर. कधी बाहेरचे लोक बघायला येतात. मॅनेजरबाई दारातूनच दाखवतात आणि ओठावर बोट ठेवतात.

परवा मी जवळच चादरी मोजत होतो. दाजींनी आजूबाजूला पाहिलं, मान वर केली आणि अगदी हळू आवाजात विचारलं, "आत्या, खरं सांग. ही रीत आपल्यात आहे का गं?"

आत्यानं हातातल्या पानांवरून नजर काढली नाही.

"आता आहे," ती म्हणाली. "डावा पाय घे."